वंशवाद नक्की कधी म्हणायचा? मेलबर्न, ग्रेटर नोएडा आणि आपली मोजपट्टी

खडूफळा (धागाकर्ता)

दोन घटना शेजारी शेजारी ठेवून बघा.

२००९. मेलबर्नमध्ये भारतीय विद्यार्थ्यांवर हल्ल्यांची मालिकाच सुरू झाली. व्हिक्टोरियाच्या पोलिसांचं म्हणणं असं, की हे संधिसाधू गुन्हे आहेत. रात्री उशिरा कामावरून एकटी परतणारी, जवळ लॅपटॉप-मोबाइल असलेली मुलं चोरांना आयती सापडतात, रंगाशी त्याचा संबंध नाही. आपल्याकडे हे कोणाला पटलं नाही. पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी लोकसभेत यातले काही हल्ले वंशवादी असल्याचं म्हटलं. अमिताभ बच्चन यांनी ऑस्ट्रेलियातल्या एका विद्यापीठाची मानद डॉक्टरेट घ्यायला नकार दिला. वाहिन्यांचं तर विचारूच नका. 'हल्लेखोरांचा हेतू सिद्ध झालाय का?' असं तेव्हा कोणी विचारल्याचं मला तरी आठवत नाही.

मार्च २०१७. ग्रेटर नोएडात बारावीतला एक मुलगा दगावला. अमली पदार्थांचा संशय, म्हणून बोट थेट नायजेरियन विद्यार्थ्यांकडे. ते माणसं खातात इथपर्यंत अफवा गेल्या. मग जमावाने समोर दिसेल त्या आफ्रिकी मुलाला बडवलं. मॉलमधल्या मारहाणीचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत. दिल्लीतल्या आफ्रिकी राजदूतांनी एकत्र निवेदन काढलं की हे हल्ले परकीयद्वेषी आणि वंशवादी आहेत. त्यावर तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांची संसदेतली भूमिका: चौकशी पूर्ण होण्याआधी याला वांशिक हल्ला म्हणू नये, हे निवेदनच दुःखद आहे.

लगेच कोणी पक्ष काढू नये म्हणून हेही लिहितो. २०१६ मध्ये बंगळुरूत एका टांझानियन विद्यार्थिनीला जमावाने मारहाण केली. आधी झालेल्या अपघातातला चालक सुदानी होता, तिचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. कर्नाटकात तेव्हा काँग्रेसचं सरकार. गृहमंत्री जी. परमेश्वर म्हणाले, हा वंशवादी हल्ला नाही, अपघातावरची प्रतिक्रिया आहे.

अपघात सुदानी माणसाने केला आणि मार टांझानियन मुलीने खाल्ला. दोघांत समान काय होतं, ते मंत्र्यांना दिसलं नसेल का?

मुद्दा एवढाच, की आपल्याला लागलं की आपण परिणाम मोजतो आणि आपल्यावर आलं की हेतूचा पुरावा मागतो. हे फक्त भारतीय करतात असं नाही, ऑस्ट्रेलियाने २००९ मध्ये तेच केलं. पण 'वंशवाद म्हणजे काय' यावरचे राजकीय वाद हे व्याख्येचे वाद नसतातच, कोण कोणत्या खुर्चीत बसलंय याचे असतात, असं माझं मत होत चाललंय. खोडून काढा.

---

सातबारा

खोडतो.

हेतू मागणं ही पळवाट नाही. फौजदारी कायदा त्यावरच उभा आहे. हेतू काढून टाकलात तर राहतं काय? 'मला तसं वाटलं.' मग दोन वेगळ्या रंगांच्या माणसांचं पार्किंगवरून भांडण झालं तरी तो वंशवाद.

नोएडाचंच घ्या. तो जमाव अफवेने पेटला होता. अफवेने पेटलेले जमाव आपल्याकडे आपल्याच माणसांना मारतात. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं रैनपाडा. मुलं पळवणारी टोळी समजून पाच जणांना ठेचून मारलं. तिथे कुठला वंश होता? मारणारे भारतीय, मरणारे भारतीय. जमावशाही हा वेगळा आजार आहे. प्रत्येक ठिकाणी वंशवादाचं लेबल लावून त्याचं निदान चुकवू नका.

मेलबर्नबद्दल आपण उतावीळपणा केला असेल तर तो चूकच होता. तो उतावीळपणा आता दुसऱ्या दिशेने करा, असा त्याचा अर्थ होत नाही.

---

वेशीबाहेर

सातबारा, रैनपाड्यात मेलेले पाच जण कोण होते ते लिहायचं राहिलं तुमच्याकडून. नाथपंथी डवरी गोसावी. भटके. भिक्षा मागत गावोगाव फिरणारे, मूळचे सोलापूर जिल्ह्यातले.

त्या दिवशी बाजारात बाहेरगावचे दुसरे कोणी नव्हते का? कापडवाले असतील, भांडीवाले असतील. अफवा त्यांच्यावर का नाही बसली? अफवेला बसायला एक अंग लागतं, आणि ते अंग कोणाचं हे आधीच ठरलेलं असतं. ब्रिटिशांनी १८७१ मध्ये कायदा करून अख्ख्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं. कायदा गेला, नजर राहिली. मारणाऱ्यांना त्या पाच जणांची जात माहीतही नसेल, मान्य. पण 'असे दिसणारे लोक चोर असतात' हे त्यांना नक्की माहीत होतं. नायजेरियन मुलांच्या बाबतीतही तेच. तुम्ही वंशवाद नाकारायला जे उदाहरण दिलंत, ते त्याचं चांगलं उदाहरण आहे.

---

थेम्सकाठ

इथे ब्रिटनमध्ये हा वाद तीस वर्षं चालू आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एप्रिल १९९३ मध्ये लंडनच्या आग्नेय भागात बसथांब्यावर स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय मुलाला गोऱ्या तरुणांच्या टोळक्याने भोसकून मारलं. पोलिसांनी तपासाचा इतका विचका केला की पुढे सरकारला चौकशी नेमावी लागली. न्या. मॅकफर्सन यांचा अहवाल १९९९ मध्ये आला. त्यातल्या दोन गोष्टींवर आजही भांडणं होतात.

एक म्हणजे 'संस्थात्मक वंशवाद'. एकेक पोलीस दुष्ट होता असं अहवाल म्हणत नाही. नकळत असलेला पूर्वग्रह, अज्ञान, बेफिकिरी आणि साचेबंद समजुती यांमुळे संस्था म्हणून पोलीस दल काही लोकांना योग्य सेवा देण्यात कमी पडलं, असं म्हणतो. सातबारा यांचा 'हेतू' इथे लागतच नाही.

दुसरी गोष्ट: पीडिताला किंवा इतर कोणालाही एखादी घटना वंशवादी वाटली, तर ती वंशवादी घटना. यावरून 'मला वाटलं म्हणजे झालं' अशी टर उडवली जाते, पण टर उडवणारे पुढचं वाचत नाहीत. ती व्याख्या शिक्षा देण्यासाठी नव्हती, नोंदवण्यासाठी होती. तक्रार आली की 'नाही हो, तसं काही नसेल' म्हणून पोलिसाने दारातूनच परत पाठवू नये, आधी त्या नावाखाली नोंदवावी आणि त्या दिशेने तपास करावा. कोर्टात पुरावा लागतोच. स्टीफनच्या खुनासाठी दोघांना शिक्षा झाली ती २०१२ मध्ये, पुराव्यावरच.

नोएडात नेमकं हेच उलटं झालं. तपासाआधीच शब्द बाद.

आणि आता राजकारण. २०२१ मध्ये बोरिस जॉन्सन सरकारने नेमलेल्या आयोगाने म्हटलं की यंत्रणा अल्पसंख्याकांविरुद्ध मुद्दाम रचलेली आहे असं आम्हाला दिसत नाही. अध्यक्ष टोनी सूएल स्वतः जमैकन वंशाचे. त्यावर इतका गदारोळ झाला की अहवालात आणखी काय होतं ते बाजूलाच पडलं. २०२३ मध्ये लुईझ केसी यांचा लंडन पोलिसांवरचा अहवाल आला, त्यात पुन्हा 'संस्थात्मक वंशवाद'. पोलीस आयुक्त मार्क राउली यांनी निष्कर्ष मान्य केले आणि तो शब्द वापरायला नकार दिला. म्हणे त्याचा अर्थ संदिग्ध आहे आणि तो राजकीय झालाय.

दुखणं मान्य, नाव अमान्य. मला हे फारच ओळखीचं वाटतं.

---

मधली_सुट्टी

एवढा धागा झाला आणि कोणी हरभजन आणि ऑस्ट्रेलियाचा कृष्णवर्णीय खेळाडू सायमंड्स यांचं प्रकरण काढलं नाही? आश्चर्य आहे.

सिडनी, जानेवारी २००८. मॅच रेफ्री प्रॉक्टर यांनी भज्जीला तीन कसोटींची बंदी घातली, मग न्यूझीलंडचे न्यायमूर्ती हॅन्सन यांनी अपिलात वंशवादाचा आरोप सिद्ध होत नाही म्हणून ती उठवली आणि अपशब्दासाठी अर्धं मानधन कापलं. 'मंकी' म्हणाला की आईवरून शिवी दिली, एवढ्यावर आपण महिनाभर देश म्हणून भाषाशास्त्र करत होतो. आईवरून शिवी दिली हा बचाव ठरला, याचं मला अजून हसू येतं.

त्याआधी तीनच महिने वानखेडेवर त्याच सायमंड्सला माकडाचे हावभाव करून दाखवणारे प्रेक्षक कॅमेऱ्यात सापडले होते. ते मात्र विसरलो.

---

सातबारा

मधली_सुट्टी, हॅन्सन यांनी पुरावा नाही म्हणून सोडलं. म्हणजे प्रक्रिया चालली! तुम्हाला निकाल आवडला नाही एवढंच.

आणि वेस्ट इंडिजच्या डॅरेन सॅमीचं काय? २०२० मध्ये तो म्हणाला, हैदराबादच्या संघात मला 'काळू' म्हणायचे, तेव्हा अर्थ माहीत नव्हता, आता कळल्यावर संताप आला. मग त्यातल्या एका खेळाडूशी त्याचं बोलणं झालं आणि त्यानेच जाहीर केलं की ते प्रेमाने म्हटलं होतं. हेतू कळला आणि विषय संपला. सॅमीला हेतू महत्त्वाचा वाटला, आपण त्याच्यापेक्षा शहाणे का?

---

रिकामटेकडी

सॅमीला हेतू महत्त्वाचा वाटला कारण त्याने *विचारलं*. आणि समोरच्याने फोन उचलला. तुमच्या मांडणीत पीडिताने आधी गप्प बसायचं, हेतू आपणच आपल्या बाजूने गृहीत धरायचा आणि वर त्याला प्रक्रिया म्हणायचं.

शिवाय प्रेमाने म्हटलेलं असू शकतं आणि तरी ते रंगावरून पाडलेलं नाव असू शकतं. यात विरोध कुठे आहे? आपल्या घराघरांत असे काळू आहेत, प्रेमानेच.

---

पश्चिमकिनारा

अमेरिकेतल्या वादाबद्दल थोडं, कारण 'हेतू की परिणाम' हा प्रश्न तिथल्या कोर्टांनी अक्षरशः दोन्ही बाजूंनी सोडवून ठेवलाय.

नॉर्थ कॅरोलायनातली ड्यूक पॉवर ही कंपनी कृष्णवर्णीयांना फक्त मजुरी खात्यात घ्यायची. १९६४ चा नागरी हक्क कायदा नोकऱ्यांना २ जुलै १९६५ पासून लागू झाला, आणि कंपनीने त्याच दिवसापासून चांगल्या खात्यांसाठी बुद्धिमत्तेच्या चाचण्या आणल्या. कामाशी त्यांचा संबंध नव्हता. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की हेतू काय होता ते सोडा, कामाशी संबंध नसलेली आणि एका गटाला गाळणारी चाचणी चालणार नाही. पाचच वर्षांनी, १९७६ मध्ये, वॉशिंग्टन शहराच्या पोलीस भरतीच्या परीक्षेवर त्याच न्यायालयाने म्हटलं की राज्यघटनेखाली दाद मागायची तर नुसता विषम परिणाम पुरत नाही, भेदभावाचा उद्देश दाखवा. पहिला निकाल कायद्याखालचा, दुसरा घटनेखालचा. उजवे-डावे या फटीतच पन्नास वर्षं भांडतायत. एप्रिल २०२५ मध्ये ट्रम्प यांनी आदेश काढून परिणामाच्या कसोटीचा सरकारी वापर आवरायला सांगितलं.

मी स्वतः परिणामवाल्यांच्या पूर्ण बाजूने नाही. आकड्यांत फरक दिसला की कारण वंशवादच, असं म्हणणाऱ्यांशी माझे वाद झालेत. वय, शिक्षण, कुठे राहता, कधी स्थलांतर केलंत, सगळं मोजावं लागतं. पण एक उदाहरण माझ्या डोक्यातून जात नाही. १९८६ चा अमली पदार्थांचा कायदा: क्रॅक कोकेन ५ ग्रॅम सापडलं तर किमान पाच वर्षं कैद, पावडर कोकेन मात्र ५०० ग्रॅम सापडावं लागे. पदार्थ मुळात एकच. क्रॅकच्या खटल्यांत प्रामुख्याने कृष्णवर्णीय अडकले. आता गंमत अशी की या कायद्याला काही कृष्णवर्णीय लोकप्रतिनिधींनीही तेव्हा पाठिंबा दिला होता, कारण त्यांच्याच वस्त्या क्रॅकने पोखरल्या जात होत्या. हेतू शोधायला जा, वंशवादी माणूस सापडणार नाही. तुरुंगात जा, परिणाम डोळ्यांसमोर. हे प्रमाण २०१० मध्ये १०० ऐवजी १८ वर आणलं गेलं. १ वर नाही.

सातबारा, याला तुम्ही काय म्हणाल?

---

सातबारा

वाईट कायदा म्हणेन. अन्यायकारक म्हणेन. वंशवाद नाही म्हणणार. प्रत्येक अन्यायाला सगळ्यात जड शब्द वापरला की तो शब्द खऱ्या ठिकाणी वापरायला उरत नाही. वर्णभेदी दक्षिण आफ्रिका आणि फसलेला अमेरिकी कायदा यांना एकच नाव कसं चालेल?

---

उलटा_प्रश्न

मग जात? जातिभेद हा वंशवाद आहे की नाही? दोन्ही बाजूंना विचारतोय. इथे ठरलेल्या बाजू उलट्या फिरतात असं माझं निरीक्षण आहे.

---

पानगळ

नाही. आणि हे मी सरकारची बाजू घेऊन नाही, बाबासाहेबांना वाचून म्हणतोय. १९३६ च्या 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या न झालेल्या भाषणात त्यांनी स्पष्ट लिहिलंय की पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार वंशाने एक, मद्रासचा ब्राह्मण आणि मद्रासचा परया वंशाने एक. जात म्हणजे एकाच वंशाच्या लोकांची सामाजिक विभागणी. पुढे १९४८ मध्ये अस्पृश्यतेच्या उगमावर लिहिताना त्यांनी नाकांच्या मोजमापांची त्या काळची आकडेवारी घेऊन वंशाचा सिद्धांतच मोडीत काढला. २००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेत डर्बनला झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या वंशवादविरोधी परिषदेच्या वेळी समाजशास्त्रज्ञ आंद्रे बेते यांनी हीच भूमिका घेतली: जातीला वंशाचा प्रकार ठरवणं राजकीयदृष्ट्या खोडसाळ आणि शास्त्रीयदृष्ट्या निरर्थक.

घटनेच्या १५ व्या अनुच्छेदातही वंश आणि जात वेगवेगळे मांडलेत. एकच असते तर दोनदा कशाला लिहिले असते?

उलट जातीला वंश म्हटलं की 'दलित वेगळ्या रक्ताचे' ही जुनी बडबड मागच्या दाराने आत येते. सावध राहावं.

---

वेशीबाहेर

पानगळ यांनी बाबासाहेब बरोबर सांगितले, पण अर्धेच. वंश एक आहे हे त्यांनी का सिद्ध केलं? जातीला निसर्गाचा आधार आहे हा सनातन्यांचा दावा मोडायला. 'म्हणून बाहेर कुठे तक्रार करू नका' असं सांगायला नव्हे. त्याच बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतले कृष्णवर्णीय संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज करतायत त्याची प्रत मागितली होती, कारण अस्पृश्यांसाठी तोच मार्ग त्यांच्या डोक्यात घोळत होता. आणि त्याच्याही आधी, १८७३ मध्ये, जोतीरावांनी 'गुलामगिरी' कोणाला अर्पण केली? गुलामी मोडणाऱ्या अमेरिकेच्या लोकांना. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन, हेही सगळ्यांना माहीत आहे. अमेरिकेतले कृष्णवर्णीय आणि आपण यांचा वंश एक नाही हे या सगळ्यांना कळत होतं. वागवण्याची रीत एक आहे, हेही कळत होतं.

आता कायद्याचं. वंशभेदाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार १९६५ चा. त्याच्या पहिल्या कलमात वंश, रंग, राष्ट्रीय किंवा वांशिक मूळ यांच्या जोडीला 'कूळ' म्हणजे जन्माने आलेला वारसा आहे. हा शब्द घालायची दुरुस्ती कोणी सुचवली? भारताने. १९९६ मध्ये त्याच कराराच्या समितीपुढे भारत म्हणाला, त्यात जात येत नाही. समितीने २००२ मध्ये स्पष्ट केलं की येते. डर्बनच्या अंतिम जाहीरनाम्यात जातीचा उल्लेख येऊ नये यासाठी आपल्या सरकारने जीव टाकला, आणि आला नाही.

सगळ्यात कहर पुढे आहे. १९४६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांना मिळणाऱ्या वागणुकीचा प्रश्न भारताने संयुक्त राष्ट्रांत नेला. तेव्हा आफ्रिकेचा बचाव काय होता? हा आमचा अंतर्गत मामला आहे. आपण म्हणालो, माणसाला असं वागवणं कोणाचाच अंतर्गत मामला असू शकत नाही. पंचावन्न वर्षांनी त्याच आफ्रिकेच्या भूमीवर जातीबद्दल आपण काय म्हणालो ते शोधा.

---

पश्चिमकिनारा

यात अमेरिकेतला एक धागा जोडतो (धाग्यातला धागा, चालवून घ्या).

१९२३, भगतसिंग थिंड यांचा खटला. तेव्हा बाहेरून आलेल्यांपैकी 'गोऱ्या' किंवा आफ्रिकी वंशाच्या माणसालाच अमेरिकेचं नागरिकत्व मिळे. थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात होते. त्यांचा युक्तिवाद असा की मी उच्च जातीचा, आर्य, म्हणजे मानववंशशास्त्राप्रमाणे कॉकेशियन. त्यांच्या बाजूने इथपर्यंत मांडलं गेलं, की उच्च जातीचा हिंदू भारतातल्या आदिवासींकडे सोयरिकीच्या बाबतीत तसाच बघतो, जसा अमेरिकी माणूस निग्रोकडे. न्यायालयाने सांगितलं की शास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो त्यात तुम्ही बसत नाही. त्यानंतर आधी नागरिक झालेल्या काही भारतीयांचंही नागरिकत्व काढून घेतलं गेलं.

म्हणजे शंभर वर्षांपूर्वी कोर्टात आपली माणसं जात आणि वंश एकच असल्याचं सांगत होती, कारण तेव्हा ते फायद्याचं होतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिअॅटल शहराने जातिभेदावर बंदी घातली. तो ठराव आणला पुण्यात जन्मलेल्या क्षमा सावंत यांनी. कॅलिफोर्नियाचं तसं विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झालं आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी नकाराधिकार वापरला. कारण, पूर्वजांवरून होणाऱ्या भेदभावाला आधीच बंदी आहे, वेगळ्या शब्दाची गरज नाही. विधेयकाला विरोध करणाऱ्या भारतीय संघटना म्हणत होत्या की जात हा शब्द कायद्यात घालणं हाच हिंदूंविरुद्धचा वंशवाद आहे!

खडूफळा म्हणतात तसं, खुर्ची.

---

गुळपोळी

'हिंदूंविरुद्धचा' म्हणून हसून सोडू नका. एका समाजाच्याच माणसांकडे संशयाने बघायला लावणारा कायदा असेल, तर त्यांनी तक्रार करायची नाही? पीडिताला वाटलं म्हणजे नोंद करा, हे तत्त्व वर थेम्सकाठ यांनी सांगितलंच. मग आम्हाला वाटलेलं का नोंदवायचं नाही?

---

थेम्सकाठ

नोंदवा ना. नक्की नोंदवा. आणि मग तपास होऊ द्या. तपासाची भीती नसेल तर अडचण काय?

---

खडूफळा

सातबारांच्या हेतूच्या मुद्द्याकडे परत येतो, कारण धाग्यातला तोच खरा गाभा आहे आणि त्याचं उत्तर लंडन-अमेरिकेत शोधायची गरज नाही. महाराष्ट्रातच आहे.

खैरलांजी. २९ सप्टेंबर २००६. भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली, पण अॅट्रॉसिटी कायदा लावला नाही. २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने फाशीची जन्मठेप केली आणि तेव्हाही हेच, की ही हत्या जातीवरून नव्हे, सूडातून झाली. आधीच्या एका मारहाणीच्या प्रकरणात त्या कुटुंबातल्या बाईने साक्ष दिली होती, त्याचा सूड.

'संधिसाधू गुन्हा', 'अपघातावरची प्रतिक्रिया', 'सूड'. तिन्ही ठिकाणी तर्क एकच: दुसरं कारण सापडलं की पहिलं आपोआप बाद. दलित बाईने साक्ष दिली याचा राग *एवढा* का यावा, हा प्रश्न त्या तर्कात बसतच नाही.

हे होण्याचं एक कारण कायद्याच्या मजकुरातच होतं. कलम ३(२)(पाच) लागू व्हायला पीडित अनुसूचित जाती-जमातीचा आहे *या कारणावरून* गुन्हा झाला हे सिद्ध करावं लागे. आरोपीच्या डोक्यात शिरून कारण आणायचं. संसदेने २०१५ मध्ये दुरुस्ती केली, २६ जानेवारी २०१६ पासून ती लागू आहे. आता आरोपीला पीडिताची जात *माहीत असताना* गुन्हा केला एवढं पुरतं. आणि आरोपीची पीडिताशी किंवा त्याच्या कुटुंबाशी ओळख असेल तर जात माहीत होती असं न्यायालय गृहीत धरतं. तसं नव्हतं हे आरोपीने दाखवायचं.

म्हणजे हेतूची अट शिथिल केली म्हणून फौजदारी कायदा कोसळला नाही. माहीत असणं हीसुद्धा मनाचीच अवस्था आहे, फक्त ती सिद्ध करता येते. मला विचाराल तर वंशवादाच्या वादात मधला रस्ता हाच आहे. निव्वळ 'वाटलं' नको आणि 'काळजातला द्वेष काढून टेबलावर ठेवा' हेही नको.

---

सातबारा

प्रतिसाद मुद्देसूद आहे, पण या कायद्याच्या गैरवापरावर सर्वोच्च न्यायालयानेच मार्च २०१८ मध्ये बोट ठेवलं होतं, तेही महाराष्ट्रातल्याच प्रकरणात, हे सोयीस्करपणे गाळलंत. गृहीतकं आरोपीच्या विरोधात वळवत गेलात की उद्या तीच तुमच्यावर येतात.

---

खडूफळा

त्याच वर्षी संसदेने १८ए कलम घालून तो निकाल निष्प्रभ केला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम वैध ठरवलं, हे तुम्ही गाळलंत. फिट्टंफाट.

---

ब्रह्मपुत्रेपार

नोकरीनिमित्त बरीच वर्षं ईशान्येत आहे, एवढा वेळ नुसतं वाचत होतो. आपल्याकडे ज्यांना रोज हा अनुभव येतो ते या धाग्यात अजून आलेच नाहीत, म्हणून लिहितो.

जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीत लाजपतनगरच्या बाजारात नीडो तानिया या अरुणाचलच्या मुलाच्या केसांवरून दुकानात टिंगल झाली, वाद झाला, मारहाण झाली, दुसऱ्या दिवशी तो गेला. त्यानंतर बेझबरुआ समिती बसली. तिने सुचवलं की दंडसंहितेत १५३सी आणि ५०९ए अशी दोन नवी कलमं घाला, एक वंशावरून हिंसेला चिथावणी देण्याबद्दल, दुसरं वंशावरून अपमान करणारे शब्द आणि हावभाव यांबद्दल. ती घातली गेली नाहीत. त्याआधी २०१२ मध्ये गृहमंत्रालयाने राज्यांना कळवलं होतं की ईशान्येतल्या माणसाला 'चिंकी' म्हटलं तर अॅट्रॉसिटी लावता येईल, कारण त्यातले बरेच जण अनुसूचित जमातीचे. म्हणजे वंशावरून झालेला अपमान नोंदवायचा तर जमातीच्या दाखल्याच्या दारातून जा. मणिपुरी मैतेई अनुसूचित जमातीत येत नाहीत. त्यांनी कुठल्या दारातून जायचं?

दहा वर्षांनी नवी न्यायसंहिता आली, १ जुलै २०२४ पासून लागू. तिच्यात १०३(२) आहे: पाच किंवा जास्त जणांच्या जमावाने वंश, जात किंवा समुदाय, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा किंवा तत्सम *कारणावरून* खून केला तर फाशी किंवा जन्मठेप. वंश हा शब्द आला याचा आनंद. पण खडूफळा, तुम्ही ज्या 'कारणावरून'मधून २०१६ मध्ये सुटका झाल्याचं सांगता, ते इथे पुन्हा तसंच येऊन बसलंय.

---

वेशीबाहेर

मग समजा, रैनपाडा आज झालं. १०३(२) लागेल?

---

सातबारा

लागणार नाही, आणि लागूही नये. आरोपी सांगतील, आम्हाला पोरं पळवणारे वाटले. कारण अफवा, समुदाय नव्हे. खुनाचं १०३(१) आहेच, तिथेही फाशी किंवा जन्मठेपच. शिक्षेत काय फरक पडतो?

---

वेशीबाहेर

शिक्षेत नाही पडत. एफआयआरमध्ये पडतो. 'समुदाय' हा शब्द लिहिला गेला, तर त्या पाच जणांकडे बघूनच अफवा का खरी वाटली, हे तपास अधिकाऱ्याला कोणाला तरी विचारावं लागतं.